मी बांधायला लावलेली राखी

ती राखी मीच आणली होती. मरोळ नाक्यावरच्या हातगाडीवरून, पन्नास राख्या उलटसुलट करून, लाल गोंड्याची, जरा भारीतली. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा शर्टांचा कारखाना आहे. तिथल्या चेकिंग टेबलाशी मी वीसेक वर्षं उभी आहे. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, उसवलेली शिवण, तुटकं बटण, लोंबणारा दोरा शोधून काढायचा. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळे म्हणायचे. म्हणूनच की काय, बायकांच्या तक्रारी ऐकायला समिती नेमायची वेळ आली तेव्हा ऑफिसातल्या मॅडमनी कामगारांमधून माझं नाव टाकलं. मी सही केली. मला वाटलं, वर्षातून एकदा चहा-बिस्किटं आणि एक ग्रुप फोटो. पाण्याच्या कूलरशेजारी बोर्ड लागला, त्यावर माझं नाव छापलेलं. मी फोटो काढून लेकीला पाठवला. बोर्डावर खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, ते वाचायची तसदी घेतली नाही.

त्याच वर्षी आमच्या टेबलावर खारदांड्याची एक कोळ्याची पोर आली. बाविशीची, फटकळ, हाताला चलाख. आई तिची बाजारात मासे विकायची. "तू का नाही बसत आईबरोबर?" म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "बसले असते मावशी, त्यात काय? पण मला शर्टातली चूक दिसते. मला हेच करायचंय." खरंच दिसायची तिला. दोन महिन्यांत माझ्यापुढे निघून गेली. क्वालिटीच्या ट्रेनिंगला कुणाला तरी पाठवायचं होतं, त्यात तिचं नाव आलं. फक्त आमच्या मजल्याच्या सुपरवायझरने शिफारस द्यायची बाकी होती.

या सुपरवायझरला सगळे दादा म्हणायचे. कुणाचं पोर आजारी पडलं तर रजा मिळवून देणारा, गणपतीत पन्नास जणांना प्रसाद आणणारा. माझ्या लेकीच्या लग्नात त्याने पंगतीला वाढलं होतं. बोलताना त्याचा हात असायचाच, कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या पाठीवर. आम्ही म्हणायचो, स्वभाव आहे त्याचा. आम्ही म्हणजे आम्ही जुन्या, पन्नाशीला टेकलेल्या बायका. आमच्या पाठीवर त्याचा हात आता रेंगाळत नव्हता, म्हणून आम्हाला बोलायला काय जातंय!

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती पोर माझ्यासमोर डबा न उघडताच बसली. म्हणाली, "मावशी, तू त्या कमिटीत आहेस ना?" मग सगळं सांगितलं. स्टोअररूममध्ये माल मोजायला तिलाच बोलावतो. दाराशी वाट अडवून उभा राहतो. कंबरेला हात लावतो आणि वर ट्रेनिंगची आठवण करून देतो. ती सांगत होती, आणि मी काय करत होते? आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते बघत होते.

"थांब जरा," मी म्हटलं. "कागदावर गेलं की वाट लागेल गं. तुझंच नाव खराब होईल. चार दिवसांवर राखीपौर्णिमा आहे. सगळ्यांसमोर राखी बांध त्याला. एकदा बहीण झालीस की त्याची हिंमत नाही होणार."

तिने न उघडलेला डबा पिशवीत टाकला. मग म्हणाली, "मावशी, मला भाऊ नकोय. मला काम करायचंय."

"फार शहाणी आहेस," मी म्हटलं. खरं सांगते, मला तेव्हा वाटलं होतं की मी केवढी अक्कल लढवली! माझ्या आईने चाळीत अशीच भांडणं मिटवलेली मी पाहिली होती. कुणाचा संसार मोडला नाही, कुणाची नोकरी गेली नाही. बायका गप्प झाल्या म्हणजे भांडण मिटलं, असंच आम्ही समजत होतो.

तर मी राखी आणून तिच्या हातात कोंबली, आणि बांधून झाली. सगळा मजला गोळा झाला, टाळ्या वाजल्या, कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्याने तिला चॉकलेटचा डबा दिला, डोक्यावर हात ठेवला. माझा तर ऊर भरून आला. त्या दिवशी तिच्या घरी नारळीपौर्णिमा, दर्यात नारळ सोडायचा दिवस, तरी तिने रजा घेतली नव्हती. ती आमच्यात उभी होती खरी, पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं. घारीची नजर म्हणे माझी! एवढी मोठी उसवण समोर होती आणि मला दिसली नाही.

पुढे काय झालं ते कुणीही सांगेल. त्याला परवानाच मिळाला. आता तो सगळ्यांदेखत तिच्या गळ्यात हात टाकायचा आणि म्हणायचा, "माझी बहीण आहे ही." बोलणार कोण? स्टोअररूममध्ये बोलावणं वाढलं. पोर माझ्याशी बोलेनाशी झाली. आणि एका सोमवारी ती आलीच नाही. तिची दोरे कापायची कात्री माझ्या खणात ठेवलेली, स्वच्छ पुसून. 

सुट्टी झाल्यावर मी तडक खारदांड्याला गेले. विचारत विचारत घर सापडलं. आई दारात बसून मासे साफ करत होती. मी ओळख सांगितली तशी कोयता खाली ठेवून तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तूच काय गो ती कमिटीवाली? माझ्या मासलीच्या पाटीला कोनी नको तिथं हात लावला तर मी हा कोयता दाखवते. आनि तू माझ्या पोरीला त्याच्याच हाताला राखी बांधायला लावलीस?"

मी मान खाली घातली.  आतून पोर बाहेर आली, सुकलेली. म्हणाली, "मी उद्यापासून आईबरोबर बाजारात बसणार आहे."

"गप," आई म्हणाली. "मासली विकनं काय कमी नाय. पन घाबरून पलून आलीस म्हनून बसायचं असंल, तर माझ्या बाजूला जागा नाय."

 मग पोर मला म्हणाली, "लिहून दिलं तरी काय होणार मावशी? तो राखीचा फोटो दाखवेल. म्हणेल, बघा, स्वतः हसत बांधली. कोण माझं ऐकणार?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती राखी कुणी आणली, का आणली, हे तिच्याखेरीज त्या मजल्यावर फक्त मलाच ठाऊक होतं. मी बोलले तरच तो फोटो खोटा ठरणार होता. आणि बोलायचं म्हणजे आधी स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडायची: समितीतल्या बाईनेच तक्रार दाबली म्हणून.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी बोर्डाखालची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली. तक्रार लेखी द्या. गुप्तता राखली जाईल. सगळं साध्या मराठीत होतं हो! मग संध्याकाळी परत खारदांड्याला गेले, राखीचं खरं मी सांगेन म्हटलं, आणि आम्ही दोघींनी लिहिलं. तिने तिचं, मी माझं. मी साक्षीदार होणार म्हणून समितीतून बाजूला झाले. त्याला चौकशी होईपर्यंत दुसऱ्या युनिटला धाडलं, आणि पोर तिच्या टेबलावर परत आली.

नंतरचे दिवस सोपे नव्हते. गुप्तता राखायची म्हटली तरी मजल्यावर कुजबुज व्हायचीच. जिच्याबरोबर मी पंधरा वर्षं डबा खाल्ला, तिने तोंड फिरवलं. "तुझ्या लेकीच्या लग्नात राबला तो," म्हणाली. "हो, राबला," मी म्हटलं, "म्हणून काय आता दुसऱ्याची लेक देऊ त्याला?" ती उठून गेली. मी एकटीने डबा संपवला. वाईट वाटलं, खोटं का बोलू.

चौकशीच्या दिवशी त्याने फोटो पुढे केलाच. मॅडमच्या शेजारी बाहेरच्या संस्थेतून आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी मला विचारलं, "या फोटोबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

 मी सगळं सांगितलं. "ही राखी मी आणली. तिने आधी मला येऊन सगळं सांगितलं होतं. ती नको म्हणत होती, मी जबरदस्ती केली. ती हसतेय असं हे म्हणतात. फोटो मोठा करून बघा." त्या बाईंनी खरंच मोठा करून बघितला. बराच वेळ बघितला.

बाहेर आले तर जिन्यात इस्त्री विभागातली एक बाई उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला पण बोलायचंय." तिच्या मागोमाग आणखी एक आली. काही आठवड्यांनी त्याची नोकरी गेली. पोर ट्रेनिंगला गेली, आणि झकास करून आली.

हे सगळं होऊन वर्ष उलटून गेलं. बोर्डावर माझ्या जागी आता तिचं नाव आहे. समितीनेच तिला विचारलं. ती "विचार करून सांगते" म्हणाली, आणि आधी बोर्ड खालपासून वरपर्यंत वाचून मग सही केली. माझी डब्याची मैत्रीणही परत येऊन बसली, माझ्या डब्यातलं लोणचं उचलून.

गेल्या महिन्यात पॅकिंगमधली एक नवी मुलगी माझ्याकडे आली. वयाने मोठी म्हणून माझ्याकडे. "मावशी, जरा बोलायचंय," म्हणाली आणि रडायलाच लागली. "थांब जरा" हे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. जीभ चावली. तिचा हात धरला आणि सरळ माझ्या पोरीच्या टेबलाशी नेलं. माझी पोर म्हणते मी आता तिला.

तिने हातातला शर्ट बाजूला ठेवला, स्टूल पुढे ओढलं, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला काय हवंय? ते सांग, मग तसं लिहू."

मी तिथेच उभी होते. राखीच्या आधी, त्या जेवणाच्या सुट्टीत माझ्या पोरीला हे मी विचारलंच नव्हतं. आणि तिने तर न विचारताच सांगितलं होतं, "मला काम करायचंय."