परसातली नवी चूल
क्रेटमध्ये चेंगरलेल्या टोमॅटोंचा आंबूस वास आला, की मला येडगावच्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. आई आणि काकूचं महिनाभर बोलणं बंद होतं. काकूनं परसात मातीची नवी चूल घातली होती आणि ती वाळली की वेगळं व्हायचं, असं ठरलं होतं. त्यात आमचा टोमॅटो न्यायला आलेल्या आंध्राच्या ड्रायव्हरनं काकांना एका तेलुगू पिक्चरची सीडी दिली. पिक्चर विनोदी, मोठ्या एकत्र कुटुंबाचा. आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो, आई या भिंतीला, काकू त्या भिंतीला. भाषेतलं कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. पडद्यावर दोन जावा हातवारे करत तावातावानं बोलू लागल्या, तशी काकू एकीच्या वतीनं बोलली, "सकाळधरनं राबतीय मी, कुणी च्या तरी इचारला का?" आम्ही सगळ्यांनी आईकडं पाहिलं. दुसरीनं तोंड उघडलं आणि आई तिच्या वतीनं म्हणाली, "इचारणार व्हते गं, तूच तोंड फिरवून गेलीस." काकू खुदकन हसली आणि लगेच पदरानं डोळे पुसू लागली. "लई भारी पिक्चर हाय राव," काका म्हणाले आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की आम्हीही हसलो. आई चहा टाकायला उठली, मागोमाग काकू गेली. परसातल्या त्या चुलीवर पुढं सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापलं. परवा तोच पिक्चर मला हिंदीत दिसला. त्या जावा भांडत नव्हत्याच, नणंदेच्या लग्नासाठी साडी निवडत होत्या. घरी मी हे सांगितलेलं नाही.