फरशीवाल्याकडे गेलेलं पुस्तक

आईवडिलांचं अकोल्याचं घर रिकामं केलं तेव्हा माझ्या पुस्तकांची तीन खोकी निघाली. अमरावतीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांना जागा नव्हती. चित्रकला, वास्तुकला, कविता, सगळं मी एका सकाळी जुन्या पुस्तकांच्या दुकानात देऊन टाकलं आणि परतीची बस धरली. मूर्तिजापूर यायच्या आत त्यातल्या एका पुस्तकाची चुटपुट लागली.

त्या खोक्यांत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. जुन्या इमारतींच्या फरश्या, जाळ्या आणि अंगणं यांचं. आर्किटेक्चरला असताना मी त्याच्या पानांवर, चित्रांखालच्या कोऱ्या जागेत, पेन्सिलीनं कविता लिहायची. वहीत लिहिलं की कुणी वाचेल अशी भीती वाटायची, तिथे वाटत नसे. आता मी एका ऑफिसात मंजुरीसाठी लागणारे घरांचे नकाशे काढते. पुढे पार्किंग, जिन्याखाली संडास, तेच ते. कविता कधी सुटली तेही आठवत नाही. तरी पुस्तकं दिल्यापासून भाजी फोडणीला टाकताना, ऑफिसात माऊस फिरवताना एखादी ओळ अर्धीच आठवायची आणि पुढचं काही केल्या सुचायचं नाही. असे दोन-तीन महिने गेले, शेवटी नवरा वैतागला. "काहून अशी फिरून राहिली घरात? जाऊन ये ना एकदा अकोल्याला."

गेले. दुकानदार म्हणाला, "ते जाडं? ते गेलं. फरशी बसवणारे एक चाचा हायेत, चित्राची पुस्तकं तेच नेतात." बाजूच्याच मोहल्ल्यात त्यांचं घर होतं. त्यानं दुकानाबाहेर येऊन वळण दाखवलं.

चाचा पन्नाशी ओलांडलेले, नखांत पांढरं सिमेंट बसलेलं. मी कोण, कशाला आले ते सांगितल्यावर त्यांनी खुर्ची दिली आणि आतून पुस्तक आणलं. ते निम्मं झालं होतं. ब्लेडनं पानं कापलेली होती.

"पुस्तक असं कापतात का?" माझा आवाज चढला.

"मंग काय करू ताई? सिमेंटच्या हातानं अख्खं पुस्तक साइटवर कसं नेऊ? एक पान खिशात घातलं का काम होते." त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कापलेली पानं काढली. वर आठ कोनांच्या चांदण्यांची नक्षी, खाली माझं अक्षर.

"हे पेन्सिलीचं मी लिहिलंय," मी म्हणाले.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पानाकडे. "तुमी? मले वाटलं पुस्तकाचंच हाय. इंग्रजी मले येत नाही. म्हटलं, चित्र समजावून सांगाले खाली मराठीत लिहिलं असंल. लय वेळा वाचलं. पण नक्षी कशी जुळवाची ते काही त्यात भेटलं नाही."

मला हसू आलं आणि लगेच तिथून पळून जावंसंही वाटलं. माझ्या कविता कुणी इतक्या वेळा वाचल्या नव्हत्या, आणि वाचल्या त्या फरशीच्या कामासाठी.

"आन एका जागी तर चुकलं बी हाय," चाचा म्हणाले. त्यांनी बोट ठेवून मोठ्यानं वाचली ती ओळ दुपारच्या रिकाम्या अंगणाची होती.

दारातून चाची बोलल्या, "दुपारी अंगण खाली कधी असते? मिरची वाळते, गहू वाळते, गोधड्या वाळतात. रिकामं अंगण तर मी पाह्यलंच नाही."

"ते माझ्या मनातलं अंगण होतं," मी म्हणाले. बोलताना माझं मलाच ते पोकळ वाटलं.

"अस्सं," चाची म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मग चाचांनी मागचं अंगण दाखवलं. फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांनी त्यांनी पुस्तकातली तीच नक्षी जमिनीवर मांडली होती. निळ्या-तपकिरी चांदण्या पार भिंतीपर्यंत गेल्या होत्या, पण नळापाशी दोन हात अलीकडेच थांबल्या. तिथे साधा खरबरीत दगड होता. "तिथं पाणी सांडते," ते म्हणाले. "हिचा पाय घसरला असता." इतकी घरं कागदावर काढली, पण कुणाचा पाय कुठे घसरेल हे मी कधी विचारलं नव्हतं.

निघताना चाचा म्हणाले, "पुस्तक घेऊन जा, तुमचंच हाय. फक्त कापलेली पानं राहू द्या."

"मले तीच पानं पाहिजेत," मी म्हणाले. वऱ्हाडी आपोआप तोंडात आली. त्यांनी पिशवीच माझ्या हातात दिली. मी ती घेतली. नको म्हणायला हवं होतं, हे बसमध्ये बसल्यावर कळलं. घरी आल्यावर कविता वाचल्या. दोन बऱ्या होत्या, बाकीच्या नुसत्याच हळव्या. रिकाम्या अंगणाची ओळ चार वेळा बदलून पाहिली आणि चारही वेळा खोडली. पिशवी कपाटात ठेवली, बाहेर काढली, पुन्हा ठेवली.

तीन आठवड्यांनी सकाळीच चाचांचा फोन आला. चाचींनी त्या दिवशी माझा नंबर लिहून ठेवला होता. "ताई, तुमच्या अमरावतीजवळ, नांदगाव पेठेत एका घराचं काम भेटलं. ते आठ कोनांचं पान तुमच्यापाशी हाय. कोपरा जुळून नाही राहिला."

मी पिशवी घेऊन थेट तिथे गेले. ओसरीचा कोपरा काटकोनात नव्हता, म्हणून चांदणी दरवेळी अर्धी तुटत होती. चाचांनी पान पाहिलं, मान हलवली. पुस्तकातल्या भिंती सरळ होत्या. मी त्यांच्याकडून खडू घेतला, गुडघ्यांवर बसले आणि जमिनीवरच आखायला लागले. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदाही. चाचा फडक्यानं पुसत होते आणि सांगत होते, "थोडं इकडं सरकवा. आणखीन." तिसऱ्यांदा चांदणी थोडी तिरकी झाली, पण पूर्ण बसली.

घरमालकानं विचारलं, "ह्या कोण?"

"ह्या आखून देतात," चाचा म्हणाले आणि तुकडे बसवायला लागले.

पानांची पिशवी मी त्यांच्या हत्यारांच्या थैलीत ठेवली. ऑफिसात पोचायला बारा वाजले. साहेब चिडले होते, ते साहजिकच होतं. मी खुर्चीत बसले, नकाशा उघडला, बंद केला, पाणी प्यायला उठले. दिवसभर बोटं खडूसाठी शिवशिवत राहिली आणि संध्याकाळपर्यंत एकही नकाशा पुरा झाला नाही.