नादारीचा अर्ज

शेठनं मोबाइल कटिंगच्या टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि मला हाक मारली. नावानं नाही.

"ए कॉलरवाली, इकडं ये."

मी मशीनवरून उठले. शाळेच्या शर्टांना कॉलर लावायचं काम माझ्याकडं होतं. फोनवर कर्जवसुलीचा माणूस होता, त्यानं थेट शेठलाच फोन लावला होता. त्याचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये ऐकू येत होता.

"मॅडम, हप्ता बुडवून किती दिवस तोंड लपवणार? पैसे घेताना गोड वाटले ना? चोर बायकांना कामाला का ठेवता, असं तुमच्या मालकालाच विचारलं मी."

शेठ म्हणाला, "उत्तर दे की त्याला. सगळ्यांसमोर दे."

मशिनी एकेक करून थांबल्या. फोनवरचं नीट ऐकता यावं म्हणून बायकांनी मशीनवरचे पाय उचलले होते. मी म्हणाले, "पगार झाल्यावर भरते, सर." आवाजावरून तो माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा असावा. त्याला मी सर म्हणाले.

शेठ कटिंग मास्तरकडं बघून हसला. "मेंढरं राखणारी माणसं ही. घ्यायचं बरोबर कळतं, द्यायचं कळत नाही."

माझ्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. सांगोल्याकडच्या माळावर, उन्हात, पावसात. कुणाचं शेत चुकून खाल्लं गेलं तर स्वतः जाऊन सांगायचा आणि भरून द्यायचा. हे मला त्या वेळी बोलता आलं नाही. मी खाली मान घालून मशीनवर बसले. त्या दिवशी लावलेल्या कॉलरी वाकड्या गेल्या. त्याचे पैसे कापले.

कर्ज कसं झालं ते सांगते. त्यात नवल काही नाही. नवरा यंत्रमागावर टॉवेल विणतो. सूत महागलं की कारखाना बंद, ऑर्डर आली की चालू. माझंही तसंच. शाळा सुरू व्हायच्या आधी मान वर करायला फुरसत नसते आणि दिवाळी झाली की शेठ म्हणतो, बोलवीन तेव्हा या. सासूबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी दोन्हीकडची कामं एकदम बसली. गल्लीतल्या बायकांच्या गटावर कर्ज काढलं. ते फेडायला दुसरीकडून काढलं. तेही फेडायचं म्हणून मोबाइलवरून काढलं. हप्त्याची तारीख ठरलेली. कमाई कधीच ठरलेली नाही.

दिवाळं कोर्टात जाहीर करता येतं, हे मला शेठकडूनच कळलं. त्याच्या मेव्हण्याची गिरणी बुडाली होती. कामगारांचे पगार राहिले ते राहिलेच. एका पाहुण्याला चहा पाजत शेठ सांगत होता, "कोर्टात गेला. दिवाळं जाहीर केलं. आता दारात कुणी येत नाही. कायदाच आहे तसा." सांगताना त्याच्या तोंडावर लाज नव्हती. उलट मेव्हणा हुशार निघाला, असंच त्याला म्हणायचं होतं. मी शेजारीच शर्टांच्या घड्या घालत होते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो भिंतीकडं बघत म्हणाला, "दिवाळखोर म्हणून नाव लागलं तर गावाकडं कसं जायाचं?"

"आता तरी कुटं जातोय आपण?" मी म्हणाले.

 खरं तर यात्रेलासुद्धा आम्ही जात नव्हतो. भावकीत कुणी काही विचारेल म्हणून.

कोर्टाजवळच्या एका वकिलाकडं मी एकटीच गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "बाई, दिवाळं मोठ्या लोकांचं निघतं. तुमचं काय निघणार? शिलाई मशीन?"

तिथं आणखी दोन पक्षकार बसले होते. तेही हसले.  मी विचारलं, "कायद्यात तसं लिवलंय का, साहेब? गरिबानं अर्ज करायचा न्हाय म्हणून?"

 वकील खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "नाही. तसं लिहिलेलं नाही." आणि नीट सांगू लागले. त्याला नादारीचा अर्ज म्हणतात, म्हणजे देणं फेडायची ऐपत नाही असं कोर्टाला सांगायचं. ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांना नोटीस जाते. वर्षानुवर्षं तारखा पडतात. मंजूर होईल याची खात्री नाही. मशीन पोटापाण्याचं साधन म्हणून बहुतेक वाचेल, पण कर्ज कुणी पुन्हा देणार नाही. शेवटी म्हणाले, "आणि गटाच्या कर्जाला ज्या बायका जामीन आहेत, त्यांना हा अर्ज सोडवत नाही. तुमचा वाटा त्यांच्याकडून वसूल करतील."

घरी येईपर्यंत मला फक्त लक्ष्मक्का दिसत होती. आमच्या शेजारची. तेलुगू घरातली, विड्या वळणारी बाई. सासूबाई दवाखान्यात असताना तिनं माझ्या पोरांना जेवू घातलं होतं. माझ्या कर्जाला तीही जामीन होती.

तिच्यापासून लपवायचं नाही, एवढं ठरवलं. दारात बसून ती पानं कापत होती. मी सगळं सांगितलं. तिची कात्री थांबली.

"म्हणजे तू सुटणार. आनि आमी भरणार."

"अक्का, तूपण अर्ज कर. तुजंपण तुंबलंयच की."

"माजी पोरगी लग्नाची हाय. दिवाळखोराच्या घरातली पोरगी कोण करंल?" ती सुपाकडं बघत बोलली. "तू कर तुला काय करायचं ते. माज्या दारात येऊ नको."

ती चुकीचं बोलली नाही. आजही मला तसं वाटत नाही. त्या रात्री मी अर्ज करायचा नाही असं ठरवलं.

चार दिवसांनी शेठनं पुन्हा स्पीकर लावला. वसुलीवाला म्हणाला, "पैसे नसतील तर जीव द्या. मेल्यावर विम्यातून तरी कर्ज फिटेल."

मशिनी परत थांबल्या होत्या.  शेठनं फोन बंद केला नाही. तो चहाचा घोट घेत होता. जीव द्या हे वाक्य त्यानं ऐकलं आणि घोट गिळला. मी ते बघितलं. जीव द्यायची गोष्ट माझ्या डोक्यात आधीच येऊन गेली होती. विहिरीपाशी उभी राहून मी परत आले होते. हे कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या मरणाचा हिशोब दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलाय, हे तेव्हा कळलं.

मी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "मी मरणार न्हाय. मी कोर्टात जाणार. तितं ये." आणि फोन बंद केला.

शेठ उठला. "माझ्या फोनला हात लावलास? चालती हो."

"माझा झालेला पगार द्या, शेठ. मग जाते."

"नंतर बघू."

"आता."

मी टेबलाशी उभी राहिले. दुपारची जेवणाची सुट्टी झाली, संपली, तरी उभी राहिले. शेवटी त्यानं पैसे टेबलावर टाकले. मी मोजून घेतले.

अर्ज केला. आता मी घरीच परकर, फॉल-पिको असलं काम करते. मिळेल तसं. नवऱ्याचा कारखाना अजून कधी चालू, कधी बंद. वसुलीवाले अजून येतात. वकील म्हणतात, अर्ज फेटाळला जाऊ शकतो. लक्ष्मक्का माझ्याशी बोलत नाही. माझ्या वाट्याचे पैसे तिच्याकडून घ्यायला लागलेत. हातात काही आलं की मी तिच्या पोरीजवळ देते. कधी ती घेते, कधी परत पाठवते. कोर्ट काहीही म्हणो, तिचं मी फेडणार. बाकीच्यांनी नोटीस वाचावी.

पहिल्या तारखेला व्हरांडा माणसांनी भरलेला होता. आमच्या गल्लीतला एकजण तिथं होता, त्यानं मला ओळखलं. शिपायानं दारात येऊन माझं नाव पुकारलं. पूर्ण नाव, अर्जात मी मुद्दाम लिहायला लावलेलं बापाचं नाव धरून. नवरा हळूच म्हणाला, "पदर घे तोंडावर."

मी घेतला नाही. जिथं उभी होते तिथून म्हणाले, "हजर." पुढची तारीख पडली. त्या तारखेलाही जाईन. त्याच्या पुढच्याही.