छत्तीसचा आकडा

अण्णांच्या तोंडून मराठी ‘नको’ मी कधी ऐकलं नाही. एरवी माणूस दिवसभर मराठीत बोलायचा, शिव्याही अस्सल मराठीतून द्यायचा. पण नकार द्यायची वेळ आली की त्यांचं अक्कलकोटकडचं गाव जागं व्हायचं आणि एकच कानडी शब्द सुटायचा, “बेड!” म्हणजे नको. त्यापुढे आमच्या शेठचंही काही चालत नसे.

सोलापुरात समुद्र नाही. उन्हाळ्यात नळाला पाणी येईल की नाही याचीच पंचाईत. तरी सत्तरच्या दशकात, मुंबईच्या समुद्रात तेल सापडलं आणि आमच्या वर्कशॉपला जहाजांची, तेलविहिरींवरच्या सांगाड्यांची कामं येऊ लागली. आम्ही करायचो ‘कान’, म्हणजे जाड पोलादी प्लेटचे, मधे भोक पाडलेले तुकडे. क्रेनचा हूक त्यांत अडकवून अख्खा सांगाडा उचलतात, आणि खाली माणसं काम करत असतात. अण्णा तिथले मार्कर. प्लेटवर खडूनं आखणी करायची आणि कापायच्या आधी तिच्यावरची जातीची अक्षरं पंचानं, म्हणजे पोलादी ठशानं, प्रत्येक तुकड्यावर उतरवायची, हे त्यांचं काम. मी ट्रेसर, म्हणजे नकाशे शाईनं गिरवणारी, भवानी पेठेतून चालत येणारी, तिथली एकटी बाई. अण्णा मला ‘तंगी’ म्हणत. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. मराठीत काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. घरात कमावणारी मी एकटी, तेव्हा दोन्ही अर्थ लागू पडत.

“माणसाची जात इचारायची न्हाय, आन् लोखंडाची इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय,” असं ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. वीतभर तुकडा उरला तरी त्यावर अक्षरं ठोकून तो कोपऱ्यात रचून ठेवत. वेल्डर हसायचे, “अण्णा, भंगाराची पत्रिका मांडताय व्हय?” अण्णा मान वर न करता म्हणत, “व्हय. तुज्यापेक्षा बरी निघाली.”

जहाजाच्या पोलादाची जात मला त्यांनीच शिकवली. ए एच छत्तीस, डी एच छत्तीस, ई एच छत्तीस. एच म्हणजे जादा ताकदीचं, छत्तीस म्हणजे किती ताण सोसणार तो आकडा. पहिलं अक्षर मात्र गारठ्यातली परीक्षा सांगतं. ए ला शून्य अंशावर ठोकून बघतात, डी ला शून्याखाली वीसवर, ई ला चाळीसवर. “ताकद तिघांची सारखीच की,” अण्णा म्हणायचे. “पर मार बसला की एक वाकतंय, एक तडकतंय. वाकतंय ते सांगून मोडतंय. तडकतंय ते कुणाला सांगत न्हाय.”

एवढं शिकूनही घोटाळा मीच केला. वर्कशॉपमध्ये बोलताना सगळे नुसतं ‘छत्तीस’ म्हणत. नकाशावर डी एच छत्तीस काढलेलं माझ्याच हातचं, पण मागणीपत्र लिहिताना मी ‘एच छत्तीस’ लिहून मोकळी झाले. व्यापाऱ्यानं हाताशी होती ती ए जातीची प्लेट पाठवली. शेठ म्हणाले, “छत्तीस ते छत्तीस! आपला समुद्र काय बर्फाचा आहे? अण्णा, डी ठोका आणि कापायला घ्या.”

“बेड!”

“अहो, एक अक्षर आहे!”

“प्लेट तीन बोटं जाड हाय. एवढं जाड झालं की त्ये तडकायला बर्फाची वाट बघत न्हाय. खाली उबं ऱ्हानाऱ्याला सांगू काय, एकच अक्षर हुतं म्हून?”

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, फोडून घमेल्यात टाकली, वर मीठ ओतलं. नव्या प्लेटच्या कडेची एक कांडी आणि कोपऱ्यातल्या भंगारातली, डी ठोकलेली एक कांडी, दोन्हींना करवतीनं सारखी खाच पाडून त्या बर्फात पुरल्या. दुपारी सगळे गोळा झाले. डी ची कांडी शिकंज्यात धरून घण घातला. ती ओल्या फांदीगत वाकली. ए ची खाडकन तुटली आणि अर्धा तुकडा शेठच्या खुर्चीखाली जाऊन पडला. वेल्डरांनी हातमोजे काढून ठेवले.

शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज एकदम मऊ. “बाई, नकाशावरचं डी तेवढं ब्लेडनं खरवडा आणि ए करा. नकाशा बरोबर, प्लेट बरोबर. तुमची चूकही झाकली जाईल.” ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडणं हे माझं रोजचं काम, अर्ध्या मिनिटाचं. माझा हात ब्लेडकडे गेला, हे लपवत नाही. घरची चार तोंडं डोळ्यांपुढे आली. बाहेर ठक-ठक ऐकू आलं म्हणून खिडकीतून पाहिलं, तर अण्णा त्या मोडक्या तुकड्यांवर पंचानं ए ठोकत होते.

“बेड!” मी म्हणाले.

“काय?”

“चूक माझी आहे. गिऱ्हाइकाला तसं माझ्या सहीनं लिहून देते. पण अक्षर खरवडणार नाही. काढायचं तर काढा मला.” मेलं ते ब्लेड मी त्यांच्याच टेबलावर आपटलं.

प्लेट परत गेली. महिनाअखेरीला शेठनं अण्णांना ‘वय झालं’ म्हणून घरी बसवलं. मला ठेवलं, कारण गावात दुसरा ट्रेसर मिळेना. संताप संताप झाला माझा. फाटकापाशी अण्णांना गाठून म्हटलं, “मीही येते. थुंकते या नोकरीवर.”

“बेड,” अण्णा म्हणाले. पहिल्यांदाच हळू आवाजात. “तू गेलीस तर त्ये ब्लेड कुणाच्या हातात जाईल, तंगी?” आणि खिशातून डी चा पंच काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही.

मी राहिले, केस पांढरे होईपर्यंत राहिले. शेठचा नि माझा त्या दिवसापासून छत्तीसचा आकडा. साधासुधा नव्हे, डी जातीचा. पुष्कळदा वाकले, तडकले नाही.