वीस नखांचा कुत्रा

कुत्र्यानं नातीचा दंड तोंडात धरला होता आणि सोडत नव्हता. ती चार वर्षांची. ओरडत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. मी काठीचे दोन तडाखे दिले तर त्यानं आणखी घट्ट धरलं. मग काठी टाकली, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात हात घातला आणि श्वास कोंडेपर्यंत पट्टा पिळला. तेव्हा जबडा सुटला.

भाकरीचा तुकडा त्याच्या ताटलीबाहेर पडला होता. तो उचलून ताटलीत टाकायला पोरगी वाकली होती. एवढंच झालं होतं.

हा कुत्रा मीच निवडलेला. आमची वस्ती कन्हेरीजवळ, चारी बाजूंनी ऊस. उसात बिबट्या आल्याचं बोलणं सुरू झालं तसा जो तो धरणारा कुत्रा मागू लागला. कोणती मादी कोणत्या नराला दाखवायची ते लोक मला विचारायचे. मी छाती बघायची, शेपूट बघायची, नखं मोजायची. कुत्र्याला अठरा नखं असतात. मागच्या दोन्ही पायांना वर एकेक जास्त असलं की वीस. वीस नखांचा कुत्रा वाघाला भीत नाही असं आमच्याकडं म्हणतात. पिल्लांतलं जे भाकरीवर गुरगुरेल ते ठेवायचं, बाकीची वाटायची.

याचा बाप इंदापूरकडच्या एका तात्यांचा. त्यानं एका मेंढक्याची पोटरी फोडली होती, ते तात्यांनी हसत सांगितलं आणि मीही हसले. आमची मादी स्वतःच्या पिल्लांवरही दात काढायची, तेही मला माहीत होतं. तरी दोघांना एकत्र सोडलं. सात पिल्लं झाली. सगळ्यांत जास्त गुरगुरणारं मी ठेवलं. सहा वाटली, कऱ्हाटीला, सुप्याला, कुठं कुठं.

सुनेनं जखम साबण लावून नळाखाली धरली. मुलगा उसातून कोयता घेऊन आला आणि कुत्र्याकडंच निघाला. मी आडवी गेले नाही, तेवढं बळ नव्हतं. सूनच म्हणाली, आधी पोरीला गाडीवर घ्या.

बारामतीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी जखमेत आणि दुसऱ्या दंडात सुया दिल्या. मग विचारलं, कुत्र्याला रेबीजची लस दिली होती का? दिली नव्हती. सुई दिली की कुत्रं मऊ पडतं, ही माझीच समजूत. नखं मोजली आणि सुई टाळली.

डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला मारू नका. बांधून ठेवा आणि दहा दिवस बघा. या दहा दिवसांत तो मेला किंवा त्याचं वागणं बदललं तर लगेच सांगा. सुया मात्र चुकवायच्या नाहीत.

कोयता गोठ्याच्या आढ्यात खोचला गेला आणि ज्या कुत्र्याचा मुडदा पडावा असं घरात प्रत्येकाला वाटत होतं, तो जगावा म्हणून मी दिवसभर त्याच्यासमोर बसू लागले. पाणी पितो का, लाळ गळते का, पाय ओढतो का. काठीनं ताटली पुढं सरकवायची. त्यानं जांभई दिली तरी मी पुढं सरून त्याचा जबडा बघायची. नात घरात खेळायची. तिनं पाणी मागितलं की मी ती गिळते कशी ते बघत राहायची.

पाचव्या दिवशी इंदापूरचे तात्या आले. मला वाटलं पोरीला बघायला आले. ते आधी कुत्र्यापाशी गेले.

"आत्याबाई, धरतो म्हणं तुमचा. बापावर गेलाय. आमच्या घरची दुसरी मादी माजावर आलीय, सुटला की एकदा सोडा."

"घरात लहान कोण हाय?"

"दोन नातवंडं हायती की."

"मग न्हाय."

"वीस नखांचा हाय, आत्याबाई. वाया घालवू नका. म्हातारपणी भ्याला का काय?"

"व्हय, भ्याले. तुमी पण भ्या. त्या बापाला पण आता कुठं दाखवू नका."

चहा न घेता ते गेले.

सहाव्या दिवशी कुत्र्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. मी कुणाला बोलले नाही. दुपारपर्यंत वाट बघितली. मुलाला हाक मारायला उठले, तर मागं पाणी चाटल्याचा आवाज आला. वळून बघितलं. बादलीतलं पाणी पीत होता. संध्याकाळी भाकरी खाल्ली आणि ताटलीवर गुरगुरला, पहिल्यासारखाच.

दहा दिवस झाल्यावर त्याला लस दिली आणि खच्ची करून आणला. सहाही पिल्लांच्या घरी मी स्वतः गेले. सुई द्या, लहान पोरांपासून लांब बांधा आणि यांना पिल्लं होऊ देऊ नका, असं सांगितलं. सुप्याला घरातले दोघं हसले. त्यांच्या अंगणात रांगतं मूल होतं. ते डोळ्यांपुढून जात नाही. फोन वाजला की अजून आधी सुप्याचा आहे का ते बघते.

नातीच्या सगळ्या सुया पुऱ्या झाल्या. दंडावर चार खड्डे राहिले. ती जगली. कुत्राही जगला.