बेरिलची उसनी फळी

बेरिल टॉन्किनबद्दल कुणीतरी लिहायला हवं. मला ते नीट जमेल असं नाही, पण त्या दिवशी गाडीत तिच्या शेजारी मीच होतो.

बेरिल आमच्याकडची टपालवाली. तांबड्या मातीच्या रस्त्यानं दूरदूरच्या गुरांच्या वस्त्यांवर पत्रं, पाव, औषधं पोचवते. ठेका मात्र तिच्या भाच्याच्या, गॅव्हिनच्या नावावर. त्यानं बजावलं होतं, "आत्या, सत्तरी ओलांडलीस. वाटेत चाक बसलं आणि ते दुसऱ्या कुणाला बदलावं लागलं, तर त्या दिवसापासून गाडी मी चालवणार."

अडचण अशी, की थांबलेली गाडी बघून आमच्याकडे कुणी मदत केल्याशिवाय पुढं जातच नाही.

मी डोळे दाखवायला गावात निघालो होतो. चढावर मागचं डावं चाक फुटलं.

"थांबव!" मी ओरडलो.

"चढावर? पलीकडून येणाऱ्याला आपण दिसणार तरी का?"

तिनं गाडी हळूहळू चढ ओलांडून सपाटीला आणली, रस्त्याच्या पार बाहेर घेतली. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, पुढच्या चाकांना दगड लावले. मला लांब झुडपापाशी बसवलं. माझी बोटं वाकडी झालेली, माझा तसाही उपयोग नव्हता. चाक जमिनीवर असतानाच पान्यावर उभी राहून तिनं नट सैल केले. मग मागं जाऊन खुडबूड करू लागली.

"लेन, जॅकखालची लोखंडी प्लेट कुठाय?"

दोघांनाही एकदमच आठवलं. शनिवारी घोड्यांच्या शर्यतीला तिच्यावर सॉसेज भाजले होते. प्लेट तिथंच चुलीवर राहिली.

"तूच म्हणालास ना, छान तापतेय म्हणून!"

प्लेटशिवाय जॅक लावला, तर तो भुसभुशीत मातीत तिरका रुतायला लागला. तिनं लगेच खाली घेतला. "अशी उचलायची नाही," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला.

तेवढ्यात धुळीतून गुरांचा लांबलचक ट्रक आला. तो चालवणारा रॉस उडी मारून उतरला.

"काकू, सरका. आत्ता करून देतो."

"हात लावून तर बघ! लेनकडे चहा आहे, तो पी. आणि जाड फळी असेल तर उसनी दे."

"म्हणजे मदतच की!"

"उसनी म्हणजे उसनी. तू माझ्याकडून साखर नेतोस, तेव्हा तुझा स्वयंपाक मी केला असं होतं का रे?"

फळीवर जॅक घट्ट बसला. गाडी घसरलीच तर तिच्यावर टेकावी म्हणून बेरिलनं स्टेपनी आधी गाडीखाली सरकवली, मग फुटलेलं चाक काढून ते तिच्या जागी खाली ठेवलं आणि स्टेपनी बसवली. रॉस दोनदा उठला, दोनदा मी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. शेवटी गाडी खाली आली, तिनं समोरासमोरचे नट पुन्हा आवळले आणि फळी झटकून परत केली.

आम्ही गावात पोचेपर्यंत वायरलेसवरून सगळ्यांना कळलं होतं. रॉसनंच सांगितलं होतं, "चाक काकूंनी बदललं. मी नुसता चहा प्यायलो. पांचट होता."

गॅव्हिन पाना घेऊनच दारात उभा. वाकून एकेक नट तपासला. एकही हलला नाही.

हात पुसत तो म्हणाला, "आत्या, गुरुवारी निघशील तेव्हा आधी ती प्लेट घेऊन ये. आणि परत तिच्यावर सॉसेज भाजायचे नाहीत."

"बघू," बेरिल म्हणाली आणि पावाच्या पेट्या उतरवायला लागली.