गव्हाणीतला वरवंटा

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधी शांतपणे वाट पाहायचे चार आठवडे. गेल्या वर्षी ते मी अखंड आरडाओरडा करून पाळले.

कारण वाट कुणालाच पाहायची नव्हती! आमच्या परळच्या इमारतीत दिवाळीचे कंदील उतरायच्या आत कापसाचा बर्फ पडला (वर पंखा गरगरतोय!) आणि लिफ्टपाशी सांताक्लॉज कंबर हलवायला लागला. मी घरात गरजलो, "आपली गव्हाण नाताळच्या रात्रीपर्यंत रिकामी राहील! जन्माला येणाऱ्या देवबाळासाठी जागा मोकळी ठेवायची, हाच आगमनकाळाचा अर्थ!"

"कळलं. येताना कोथिंबीर आणा," बायको म्हणाली.

आंब्याच्या पेटीची गव्हाण केली, पेंढा पसरला. रविवारी फादर घरी प्रार्थनेला आले. मी त्यांना ऐटीत गव्हाणीपाशी नेलं, तर आत कुणीतरी झोपलेलं! अंगावर झबलं, डोक्याला कुंची. मी कुंची सारली. वरवंटा!

"कुणाचा हा चावटपणा?"

"मीच ठेवलंय, भावजी," शेजारच्या सावंतवहिनी दारातूनच म्हणाल्या. "पाळणो रिकामो ठेवूचो नाय. बारशाक आमी बाळाआधी वरवंटोच निजवतो."

"हा पाळणा नाही, गव्हाण आहे! आणि बारसं कसलं? जन्मच व्हायचाय अजून!"

"ताच तर मी म्हणतंय!"

माझं डोकं फिरलं. वरवंटा उचलून मी त्यांच्यापुढे धरला. "न्या हा, आणि चटणी वाटा!"

"पप्पा, ठेवा तो खाली." माझी सून रीना. पोटावर हात, दिवस भरत आलेले. "काकूंना मीच सांगितलं. मागच्या खेपेला आपला पाळणा रिकामाच राहिला. आता रोज उठून ही रिकामी गव्हाण मला बघवत नाही."

मला भयंकर राग आला. कुणाचा, ते कळायला जरा वेळ लागला. (माझाच.)

"वाट तर ही पोर पाहतेय," फादर मला म्हणाले. "तुम्ही नुसतं वेळापत्रक सांभाळताय."

वरवंटा मी मुकाट्यानं पेंढ्यात निजवला, झबलं सारखं केलं. (तेच जानेवारीत नातीनं घातलं.) फादरांनी प्रार्थना केली. सावंतवहिनींनी दृष्ट काढली. तीही मी खपवून घेतली.

त्यानंतर नाताळपर्यंत घरात कुणी जरा मोठ्यानं बोललं की मी अंगावर धावून जायचो, "हळू! आत्ताच डोळा लागलाय त्याचा!"